पारोसा हात

"आपले सांधे शांत आहेत. आपला दिवस चांगला जावो," हातमोजा म्हणाला आणि त्याच्या मनगटावर हिरवं पान उजळलं.

"तुझ्या तोंडात माती," केतकी म्हणाली.

मोज्याला राग येत नसे. तो रोज इतक्याच गोडीनं बोलायचा आणि रोज इतकंच खोटं बोलायचा. केतकीनं तो काढला, देवघराशेजारच्या फळीवर ठेवला आणि परातीकडं वळली. आंघोळीची ऊब अंगात होती तोवर बोटं चालली. मग कणीक अर्धी मळून व्हायच्या आत ती एकेक करून आखडायला लागली, बाजार उठल्यावर दुकानांची शटरं खाली यावीत तशी.

"आई, पुढचं तुम्ही मळता का?"

"मळते की." शालनबाईंनी पाट ओढला. "पण यंत्र तर बरं आहे म्हणतंय."

सासूबाईंच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यांना खरंच कोडं पडलं होतं. त्याचाच केतकीला जास्त संताप यायचा. टोमण्याला उत्तर तरी देता येतं.

केतकी पन्नाशीची होती. कराडच्या मूकबधिर शाळेत गेली पंचवीसेक वर्षं शिकवत होती. तिचा नवरा निनाद जन्मापासून ऐकू न येणारा. नाव बारशालाच ठेवलेलं. ऐकू येत नाही हे नंतर कळलं. उसावर फवारणी करणारे ड्रोन दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. दोघांचा सगळा संसार खुणांच्या भाषेत झाला होता. इतर घरांत भांडण हातघाईवर आलं की लोक मध्ये पडतात; या घरात भांडण तिथूनच सुरू व्हायचं. चहात साखर कमी पडली इथपासून ते आपल्याला मूल नाही याचं दुःख आता तरी संपलं का इथपर्यंत, जे काही बोलायचं ते दहा बोटांनी.

आणि आता त्याच बोटांना आमवात झाला होता.

पहिलं वर्ष सल्ल्यांत गेलं. निर्गुडीचा पाला बांधून झाला, चिंच सोडून झाली, तांब्याचं कडं घालून झालं. शेजारच्या वहिनींनी "खडूची धूळ बाधली असेल" असंही निदान केलं. शाळेत खडू जाऊन दहा वर्षं झाली होती. रक्ताच्या तपासणीत आजाराचं खरं नाव कळलं तेव्हा केतकीला दुःखाऐवजी हायसंच वाटलं. नाव असलेल्या शत्रूशी निदान भांडता येतं. मग गोळ्या आल्या, चेहरा सुजला, आणि शेवटी या नव्या उपचारासाठी तिची निवड झाली. तिच्या डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत चिंचोक्याएवढी एक कुपी बसवली गेली.

शाळेत सहावीच्या वर्गाला त्या उंचवट्याचं भारी कुतूहल.

"बाई, आत काय आहे?" हर्षलनं हातांनी विचारलं.

केतकीला असले प्रश्न आवडायचे. कुणी काही विचारलं की ती आपलं दुखणं विसरायची. तिनं मुलांना जवळ बसवलं आणि हळूहळू, बोटं चालतील तशा खुणा करत सांगितलं.

आपल्या शरीरात सैनिक असतात. बाहेरून आलेल्या जंतूंशी ते लढतात. पण शत्रू कोण आणि आपला कोण, हे त्यांना शिकवावं लागतं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, ती त्यांची शाळा. तिथं त्यांना आपल्याच शरीराचे बारीक बारीक तुकडे दाखवतात. जो सैनिक त्यांच्यावर धावून जातो तो नापास. त्याला बाहेर सोडत नाहीत.

"पण नापास झालेले सगळेच अडवले जातात, अशी शाळा कुठं असते का?" केतकीनं विचारलं. वर्गात हर्षलकडं बोटं दाखवली गेली. "काही चुकून पास होतात. बाहेर येऊन वर्षानुवर्षं गप्प राहतात आणि मग एक दिवस सांध्याच्या आतलं मऊ अस्तर बघून म्हणतात, हाच शत्रू! माझ्या बोटांत तेच चाललंय."

"मग त्यांना मारून टाका!"

"वाईट सैनिक वेगळे ओळखता येत नव्हते ना. म्हणून पूर्वी सगळ्या सैन्यालाच झोपेचं औषध द्यायचे. मग साधा खोकलासुद्धा बिनधास्त घरात शिरायचा. आता कुणाला तरी सुचलं, की या चुकलेल्यांना परत शाळेत बसवू."

कुपीत तो धडा होता. सांध्याच्या अस्तराचे नमुने, आणि त्यांच्याबरोबर 'शांत राहा, हे आपलंच आहे' असं सांगणारं एक रसायन. चुकलेल्या सैनिकाला हा नमुना अशा शांततेत पुन्हा पुन्हा भेटला की तो निवळतो. अडचण एकच होती. हे सैनिक दिवसभर अंगभर भटकतात आणि दिवसातून एका ठरावीक वेळी मानेतल्या, काखेतल्या गाठींमध्ये जमतात. म्हणजे वर्ग तेव्हा भरतो. बहुतेकांचा पहाटे भरतो, म्हणूनच या आजारात सकाळी सांधे सगळ्यात जास्त आखडतात. पण प्रत्येकाची नेमकी वेळ निराळी. ती शोधायचं काम मोज्याचं. तो रोज सकाळी अर्धा तास हातात घालायचा. कुठला सांधा शेजारच्या कातडीपेक्षा गरम आहे, बोटं किती आखडलीत, घामात दाहाची रसायनं किती आहेत, हे तो तपासायचा. त्या अर्ध्या तासात त्रास वाढतोय की ओसरतोय यावरून वर्गाची वेळ ठरवायचा आणि कुपीला सांगायचा, आता सोड धडा.

"कुपी संपली की?" अल्फियानं विचारलं. ही मुलगी नेहमी सगळ्यांच्या शेवटी विचारायची आणि नेमकं विचारायची.

"संपली. दुसरी बसवता येत नाही. शरीर पहिल्या कुपीचं वेष्टन ओळखून ठेवतं आणि दुसरी आली की लगेच तिला घेरतं."

"म्हणजे फेरपरीक्षा नाही."

"नाही," केतकी म्हणाली.

मोज्याचा अहवाल रोज निनादच्या फोनवरही जायचा, जवळचा माणूस म्हणून. हिरवं पान दिसलं की सुरुवातीला तो खुशीत तिला दाखवायला यायचा. मग दाखवणं थांबलं.

एका संध्याकाळी तो ओगलेवाडीच्या विहिरीत पडलेल्या ड्रोनची गोष्ट रंगवून सांगत होता. मालक विहिरीत उतरला, त्याला काढायला भाऊ उतरला, भावाला काढायला दोर आणला तो म्हशीचा, म्हणून म्हैस मोकळी सुटली. एरवी केतकीनं मध्येच चार शेरे मारले असते. आज ती म्हणाली, "बरं."

निनादचे हात हवेतच थांबले. "तू हल्ली माझ्याशी बोलत नाहीस."

"हात दुखतात."

त्यानं फोन तिच्यासमोर धरला. हिरव्या पानांची रांगच रांग. "मग हे?"

"खोटं आहे ते."

"यंत्र कशाला खोटं बोलेल?" त्याचे हात नेहमीपेक्षा झटक्यानं चालत होते. "त्याला थोडाच माझा कंटाळा आलाय?"

तिला पुष्कळ बोलायचं होतं. मला तुझा कंटाळा आला असता तर मी तोही तुला तासभर हात हलवून सांगितला असता, हे सांगायचं होतं. पण रागावायला तर बोटं नेहमीपेक्षा दुप्पट वेगानं चालावी लागतात. तिनं उजवा हात उचलला, तर्जनी निम्मीच उघडली, आणि तिनं नुसतं 'जाऊ दे' केलं. 'जाऊ दे' एका हातानं होतं. म्हणूनच हल्ली त्या घरात तेच सर्वांत जास्त बोललं जात होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा संधिवात केंद्राला फोन लावला.

"आपला अहवाल समाधानकारक आहे," फोनमधला आवाज म्हणाला. "समाधानकारक अहवाल असणाऱ्यांना भेटीची आवश्यकता नाही."

"मला माणसाशी बोलायचंय."

"आपली विनंती समजली. आपला अहवाल समाधानकारक आहे."

बऱ्याच वेळानं पडद्यावर एक हसतमुख तरुण आला. "मॅडम, तुम्ही तर आमच्या टॉप पेशंट! सलग हिरवं. आम्ही तुमचं उदाहरण देतो."

"मला चमचा धरता येत नाही."

"हां, कधीकधी शरीर बरं होतं पण मनाला पटत नाही. समुपदेशन लावू का?"

केतकीनं फोन बंद केला. बोटानं जमेना म्हणून कोपरानं.

हे सगळं शालनबाई भाजी निवडत ऐकत होत्या. "म्हणजे आजारी असल्याशिवाय डॉक्टर भेटणार नाही, आणि आजारी आहेस हे यंत्र म्हणणार नाही."

"हो."

"कसलं शहाणं आहे मेलं." त्यांनी जुडी खाली ठेवली. "उद्या तो मोजा मला दे."

"आई, काहीतरीच काय!"

"माझी बोटं बघ की, आल्याच्या गड्ड्यासारखी झालीत म्हातारपणानं. बघू काय म्हणतंय ते."

केतकी नको नको म्हणत राहिली. सकाळी ती देवाला फुलं आणायला अंगणात गेली तेवढ्यात शालनबाईंनी मोजा चढवला. त्या आयुष्यभर थंड पाण्यानं आंघोळ करणाऱ्या. हात गारढोण, आणि त्यात गाठी आलेले सांधे. मोज्यावर लाल पान पेटलं. "आपल्या सांध्यांत अचानक बिघाड झाला आहे. कृपया आजच केंद्रात यावे," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला. पाठोपाठ निनाद पांढऱ्या चेहऱ्यानं, फोन हातात घेऊन धावत बाहेर आला.

शालनबाई मोज्याकडं बघून समाधानानं म्हणाल्या, "आता कसं माणसासारखं बोललास."

त्याच दिवशी केंद्रात डॉक्टर रेहाना मुजावर यांनी पडद्यावरचा आलेख पाहिला, केतकीचा हात पाहिला आणि पुन्हा आलेख पाहिला.

"हा आजचा हात कुणाचा आहे?"

निनाद आईच्या तोंडाकडं बघत राहिला.

"माझा," शालनबाई म्हणाल्या. "काय करणार? तुम्ही भेटतच नव्हता."

"आजी, या हातावरून तिच्या कुपीचं औषध ठरतं! खेळणं आहे का ते?" डॉक्टरांचा आवाज चढला.

"खेळणं कशाला समजू? नीट आंघोळ करून, देवाला दिवा लावून मगच घातलाय. पारोशानं हात नाही लावला त्याला. आमच्या घरात कुणीच लावत नाही."

डॉक्टर खुर्चीत पुढं सरकल्या. "कुणीच म्हणजे?"

"म्हणजे ही पण. आंघोळ, पूजा, मग यंत्र. देवाजवळच ठेवलंय."

"केतकीताई," डॉक्टर अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही मोजा आंघोळ करून घालता? गरम पाण्यानं?"

"कढत. त्यानंच तर बोटं सुटतात," केतकी म्हणाली. "पत्रकात लिहिलंय ना, सकाळी घालावा. सकाळीच घालते. पारोसं कसं..."

आणि ती मध्येच थांबली. शिकवणाऱ्या माणसाला चूक सांगावी लागत नाही. ती फळ्यावर दिसते. कढत पाण्यानं सगळाच हात गरम झाला, म्हणजे सुजलेला सांधा वेगळा दिसणार कसा? आखडलेली बोटं सुटली. घामातली रसायनं साबणाबरोबर मोरीत गेली. मोजा खोटं बोलत नव्हता. तो ज्या हाताला भेटायचा, तो हात खरंच बरा होता. पुढं आंघोळीची ऊब जसजशी ओसरायची, तसतशी बोटं परत आखडायची, आणि मोजा समजायचा की या बाईचा त्रास दिवस चढेल तसा वाढतो.

"धडा केव्हा सुटत होता?" तिनं विचारलं.

"दुपारी," डॉक्टर म्हणाल्या. "रोज भर दुपारी."

"रिकाम्या वर्गात."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "ज्यांनी पत्रक लिहिलं त्यांच्या गावी लोक रात्री आंघोळ करून झोपतात. आम्ही नुसतं मराठी केलं. माझी आजी वजू करून हात-तोंड धुतल्याशिवाय चष्म्याला हात लावत नसे. मला तरी सुचायला हवं होतं!" त्या ताडकन उठल्या आणि दार उघडून बाहेरच्या बाकांकडं बघत म्हणाल्या, "मोजा आंघोळीच्या आधी कोण घालतं?"

बाकांवर बसलेल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. "आधी कसा घालायचा?" एक म्हणाली. "मी तर उदबत्तीसुद्धा ओवाळते," दुसरी म्हणाली. तिची कुपी संपली होती. उपचार लागू पडला नाही, म्हणून ती काढून घ्यायला आली होती.

डॉक्टर दार लावून आत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "केतकीताई, तुमची निम्म्याहून जास्त कुपी गेलीय. उरलेल्यात भागेलच असं मी सांगत नाही. पण आता मोज्याला खरा हात दाखवायचा. अंथरुणातून उठायच्या आधी. गरम पाणी नाही, दुखण्याची गोळी नाही. वर्गाची खरी वेळ सापडेपर्यंत."

"मग आधी सांगायचं ना त्या यंत्रानं," शालनबाई पुटपुटल्या. "दिवसभर एवढं बोलतंय."

पण संध्याकाळी त्यांनी मोजा देवाजवळून स्वतःच्या हातानं उचलला आणि केतकीच्या उशाशी नेऊन ठेवला.

केतकी वर्षानुवर्षं निनादच्या आधी उठायची. त्याला जाग येईपर्यंत तिची आंघोळ झालेली असायची. त्यामुळं तिचा सकाळचा हात जसा मोज्यानं कधी पाहिला नव्हता, तसा तिच्या नवऱ्यानंही पाहिला नव्हता. आता तिला स्वतःला मोजा चढवता येणं शक्य नव्हतं, म्हणून पहिल्याच दिवशी तिनं त्याला पायानं ढोसून उठवलं.

त्यानं दिवा लावला. तिचे दोन्ही हात पांघरुणावर पडले होते, सुजलेले, आत वळलेले. त्यानं तिच्याकडं पाहिलं.

"काय झालं?"

तिनं बोलायचा प्रयत्न केला. मनगट उचललं, बोटं जागची हलली नाहीत. पुन्हा प्रयत्न केला. त्याला काहीच कळलं नाही. एवढ्या वर्षांत तिचं बोलणं त्याला कळलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. तो तिच्या हातांकडं बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर समज उतरली. त्यापाठोपाठ राग आला.

"रोज असं असतं?"

तिनं मान हलवली.

"आणि मला दाखवलं नाहीस? रोज उठून आंघोळीला पळायचीस? मी इथंच शेजारी असायचो ना? मी काय पाहुणा आहे?"

आता केतकीच्या रागाचाही बांध फुटला. तुला सांगितलं होतं! दुखतंय म्हणून सांगितलं होतं! तू त्या पानावर विश्वास ठेवलास, माझ्यावर नाही! हे सगळं तिनं मनगटांनी, कोपरांनी, खांद्यांनी, भुवयांनी सांगितलं. त्यात 'मूर्ख' म्हणायला गेली तर हात भलतीकडंच वळला.

निनाद गोंधळला. "बटाटा?"

तिनं पुन्हा केलं. पुन्हा बटाटाच झाला. मग तिला रडता रडता हसू फुटलं, आणि तोही डोळे पुसत हसला. "कळलं," त्याचे हात म्हणाले. "मी बटाटा आहे."

त्यानं तिच्या उजव्या हातात एकेक बोट जपून सरकवत मोजा चढवला. लाल पान पेटलं. "आपले सांधे अत्यंत अस्वस्थ आहेत," मोजा म्हणाला.

केतकीनं डोळे मिटले. एवढी बरी बातमी तिनं कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती.

ते दिवस वाईट गेले. दहा वाजेपर्यंत तिचे हात गप्प असायचे. घासही निनादच भरवायचा आणि तो नेहमी मोठा भरवायचा. त्यावरून रोज भांडण व्हायचं. भांडणात ती मुकी आणि तो बोलका, म्हणून ती जास्तच चिडायची. पण वर्गाची वेळ सापडली. पहाटे, कोंबडा आरवायच्याही आधी. कुपी तेव्हापासून भरलेल्या वर्गात धडा सोडू लागली. पावसाळा संपता संपता ती रिकामी झाली, आणि त्याच सुमारास एका सकाळी केतकीनं स्वतःच मोजा चढवला. पारोशा हातावर हिरवं पान उगवलं. या वेळी तिनं त्याला शिवी दिली नाही.

दरम्यान डॉक्टर मुजावरांनी नवं पत्रक काढलं. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं: मोजा पारोशानेच घालावा. शालनबाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "कलियुग."

सैनिक धडा शिकले, पण झिजलेल्या हाडाला काही शिकवता येत नाही. रिकाम्या वर्गात गेलेल्या महिन्यांनी केतकीच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची वाकवून ठेवली. ती बोलू लागली, भरभर बोलू लागली. ओगलेवाडीच्या म्हशीवर तिचे राहिलेले शेरे तिनं निनादला एका दमात ऐकवले. पण तिच्या प्रत्येक शब्दात दोन बोटं मिटलेली असायची. तिला ते सहन व्हायचं नाही. गाणाऱ्याचा एक स्वर कायम उतरलेला असावा तसं वाटायचं.

जानेवारीत साताऱ्याला मूकबधिर शाळांची कथाकथनाची स्पर्धा होती. केतकी सहावीची मुलं घेऊन गेली. अल्फिया मंचावर उभी राहिली आणि तिनं गोष्ट सुरू केली. केतकी मागच्या रांगेतून बघत होती. पहिल्या दोन वाक्यांतच तिला काहीतरी खटकलं. मुलीची अनामिका आणि करंगळी प्रत्येक शब्दात तळहाताशी मिटलेली होती. तिच्यानंतर हर्षल आला. तसंच. तिसरा, चौथा, सगळे तसेच. इतके महिने ती रोज त्यांच्यासमोर उभी होती, आणि हे तिला आज दिसत होतं.

मध्यंतरात साताऱ्याच्या एका मुलानं अल्फियाला विचारलं, "तुम्ही अशी बोटं मिटून का बोलता?"

अल्फियाला प्रश्नच कळला नाही. तिनं स्वतःचा हात उलटसुलट करून बघितला. "कराडकडं असंच बोलतात," ती म्हणाली.

केतकीला राहवलं नाही. समूहकथेसाठी मुलं पुन्हा मंचावर चढली तेव्हा ती मागं उभी राहिली, हात उंच केला आणि जोरात खूण केली, "बोटं सरळ! नीट माझ्यासारखी करा!"

मुलांनी तिच्या हाताकडं लक्षपूर्वक पाहिलं. मग सगळ्यांनी आज्ञाधारकपणे हात वर केले आणि दोन दोन बोटं आणखी घट्ट मिटून घेतली.